ऑफिसमध्ये खायची न्याहारी: आदल्या रात्री काय करावे आणि टेबलावर काय

घरातून निघण्याआधी न्याहारी होत नाही, याला बहुतेक वेळा आळस कारण नसतो. उठल्यानंतर पहिला तासभर अनेकांना भूकच लागत नाही, थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांना ती घेतल्यावर अर्धा ते एक तास काही खाता येत नाही, आणि ज्यांच्या सकाळी मुलांची आवराआवर करण्यात जातात त्यांना भूक असली तरी दोन घास बसून खायला सवड मिळत नाही. अशा माणसांनी घाईघाईने काहीतरी घशाखाली ढकलण्यापेक्षा कामाच्या जागी पोहोचून शांतपणे खावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण एवढीच, की तेथे पोहोचेपर्यंत भूक कडकडून लागलेली असते आणि त्या वेळी हाताशी डबा नसेल तर बिस्किटे, केक आणि गोड कॉफी यांवरच सकाळ निघून जाते. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारीची वेळ पुढे नेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण यांतील काही औषधे घेऊन खाणे लांबले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

ऑफिसच्या न्याहारीचा विचार नेहमीच्या पाककृतींपेक्षा वेगळा करावा लागतो. पदार्थ प्रवासात सांडता कामा नये, पोहोचेपर्यंत बिघडता कामा नये, एका हाताने आणि एका चमच्याने खाता आला पाहिजे आणि शेजारी बसलेल्याला त्याच्या वासाचा त्रास होता कामा नये. या अटींमध्ये बसणारे पदार्थ मोजकेच आहेत, पण रोजच्यासाठी ते पुरेसे आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे: ज्याला भिजायला, शिजायला किंवा मुरायला वेळ लागतो ते काम आदल्या रात्री उरकावे, आणि जे कुरकुरीत किंवा ताजे राहायला हवे ते वेगळ्या डबीत नेऊन खाण्याच्या क्षणी मिसळावे. हे दोन भाग एकाच डब्यात कोंबले की सकाळी दहा वाजता हाती लगदा येतो, आणि मग दोष त्या पदार्थाला दिला जातो.

डब्यात काय असावे, याचे माझे गणित साधे आहे. एका न्याहारीतून १५ ते २० ग्रॅम प्रथिने आणि ६ ते ८ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळाले, तर जेवणाच्या वेळेपर्यंत मधेच काही खावेसे वाटत नाही, कारण या दोहोंमुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थांची शिफारस करते. त्यांतील चौथा हिस्सा सकाळीच झाला, तर उरलेले दिवसभरात सहज जमते. अंदाजासाठी काही आकडे लक्षात ठेवावेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. ४० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे ५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम तंतू असतात. १०० ग्रॅम साध्या दह्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात आणि तेच दही फडक्यात बांधून त्यातील पाणी निथळू दिले की हे प्रमाण बरेच वाढते. ३० ग्रॅम बदामांत सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम शिजलेल्या हरभऱ्यांत सुमारे ९ ग्रॅम प्रथिने आणि ७ ग्रॅम तंतू मिळतात. रोज तराजू घेऊन बसण्याची गरज नाही. एकदा आठवडाभर मोजून पाहिले, की हाताला अंदाज येतो.

रात्री भिजवलेले ओट्स

नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी, कारण यात शिजवणे नाही. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची ३५० ते ४०० मिलिलिटरची बरणी घ्यावी. तीत ४० ग्रॅम ओट्स, १२० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम दही आणि एक चमचा चिया किंवा ताजी दळलेली जवस घालून नीट ढवळावे, चिमूटभर मीठ टाकावे आणि बरणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. मिठाची ती चिमूट अनेकजण वगळतात आणि मग पदार्थ बेचव लागतो म्हणून दोन चमचे साखर घालतात. गोडी हवीच असेल तर पिकलेले केळे कुस्करून किंवा दोन खजूर बारीक चिरून घालावेत. बरणी काठोकाठ भरू नये. वर दोन बोटे जागा ठेवली की टेबलावर फळे आणि सुकामेवा घालून ढवळता येते.

ओट्स कोणते घ्यावेत, यावर सगळे अवलंबून असते. अख्खे दाणे वाफवून चपटे केलेले जाड ओट्स रात्रभरात मऊ होतात आणि तरी चावायला काही उरते. झटपट शिजणारे बारीक ओट्स सकाळपर्यंत खळीसारखे होतात, आणि दाणा नुसता कापून केलेले ओट्स न शिजवता भिजवले तर टणकच राहतात. चिया आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी ओढून घेते, त्यामुळे चमचाभरापेक्षा जास्त घालायची असेल तर दूधही वाढवावे. जवस मात्र अख्खी घालून फारसा उपयोग नाही, कारण तिचे टरफल बरेचदा न पचता तसेच बाहेर पडते. आणि दळून ठेवलेली जवस लवकर खवट होते, म्हणून ती थोडी थोडी दळून फ्रिजमध्ये ठेवावी. ज्यांना दूध पचत नाही त्यांना सोयाबीनचे दूध चालेल. बदामाच्या दुधात प्रथिने नावापुरतीच असतात, हे लक्षात घेऊन ते वापरत असाल तर सुकामेवा वाढवावा.

फळे सकाळीच चिरावीत. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात, कारण चिरल्यावर त्यातील एका विकराचा (एन्झाइमचा) हवेतील प्राणवायूशी संबंध येतो. लिंबाच्या रसातील आम्लामुळे ही क्रिया मंदावते, म्हणून फोडींना थोडा रस चोळून त्या वेगळ्या डबीत न्याव्यात. केळे सालीसकट न्यावे. निसर्गाने दिलेले इतके उत्तम वेष्टन घरी सोलून वाया घालवण्यात अर्थ नाही. अशा बरण्या एका वेळी तीन दिवसांच्या भरून ठेवता येतात, पण त्याहून जास्त नको. चौथ्या दिवशी चव आंबूस होऊ लागते.

थंड डब्याबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा. दूध, दही, अंडी किंवा शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणूंना झपाट्याने वाढू देते, म्हणून असा पदार्थ सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये; हवा फार गरम असेल तर एक तासच धरावा. प्रवास लांबचा असेल तर पाण्याची लहान बाटली रात्री थोडी रिकामी ठेवून गोठवावी आणि सकाळी ती बरणीला चिकटवून जाड कापडी पिशवीत घालावी. डबा थंड राहतो आणि दुपारपर्यंत प्यायला गार पाणीही मिळते. ऑफिसात पोहोचताच खाणार नसाल तर बरणी तेथील फ्रिजमध्ये, नाव लिहून ठेवावी.

थर्मासमधली गरम न्याहारी

थंड काही सकाळी नको वाटणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि ऑफिसातील मायक्रोवेव्हसमोर रांग लावणे हा त्यावर उपाय नाही. त्यासाठी रुंद तोंडाचा, अन्नासाठी बनवलेला थर्मास घ्यावा. निघण्याआधी त्यात उकळते पाणी भरून झाकण लावून पाच ते दहा मिनिटे ठेवावे आणि मग ते ओतून टाकावे. हे न केल्यास आतील थंड धातूच अन्नाची बरीच उष्णता शोषून घेतो. त्यानंतर ४० ग्रॅम ओट्स, चिमूटभर मीठ आणि २५० मिलिलिटर अगदी उकळते पाणी घालून झाकण घट्ट लावावे. तासाभरात लापशी आपोआप तयार होते. यात दूध घालू नये, असे मी आवर्जून सांगते: दूध कोमट झाले तर लवकर नासते आणि झाकणाच्या रबरी कडीत त्याचा वास बसतो, जो पुढे कितीही धुतला तरी जात नाही. दुधाऐवजी टेबलावर दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे लोणी मिसळावे. त्याने सुमारे ७ ग्रॅम प्रथिने वाढतात आणि लापशीला दाटपणा येतो. थर्मास अर्धवट भरला तर लवकर निवतो, म्हणून आपल्या भुकेच्या मापाचाच घ्यावा, आणि भरल्यापासून तीन-चार तासांच्या आत तो संपवावा.

अंडी, पाव आणि हरभरे

अंडी उकळत्या पाण्यात नऊ ते दहा मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावीत. जास्त वेळ उकडले की बलकाभोवती हिरवट कडे येते आणि गंधकाचा वास वाढतो. ऑफिसात ज्या वासाबद्दल तक्रार होते तो बहुधा याच अतिउकडण्याचा असतो. सालीसकट उकडलेली अंडी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, सोललेली त्याच दिवशी खावीत. उकडलेले अख्खे अंडे मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नये, मग ते सोललेले असो वा नसो. आत कोंडलेल्या वाफेमुळे ते फुटते, आणि कधीकधी बाहेर काढल्यावर, पहिला घास घेताना फुटते, ज्याने तोंड भाजते.

दोन अंड्यांबरोबर अख्ख्या धान्याच्या पावाचे दोन तुकडे आणि एखादे फळ घेतले की गणित जुळते. पाव घेताना रंगावर जाऊ नये, कारण तपकिरी रंग नुसता वरून घातलेलाही असू शकतो. घटकांच्या यादीत पहिले नाव अख्ख्या धान्याच्या पिठाचे आहे का आणि १०० ग्रॅमला ६ ग्रॅम तंतू आहेत का, हे पाहावे. सँडविच ओले होण्याचे कारण टोमॅटो आणि काकडी असते, म्हणून पावाच्या आतील बाजूला अगदी कडेपर्यंत शेंगदाण्याचे लोणी किंवा चीज लावावे, म्हणजे पाणी पावात शिरत नाही.

गोड चव सकाळी ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी शिजवलेल्या हरभऱ्यांसारखे दुसरे काही नाही. आठ तास भिजवून मऊ शिजवलेले हरभरे वाटी-वाटीच्या मापाने गोठवून ठेवावेत, त्यातील एक माप रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढावे आणि सकाळी त्यात काकडी, मिरपूड, थोडे तेल आणि लिंबाचा रस घालावा. लिंबामुळे हरभऱ्यातील लोह शरीराला अधिक मिळते. याउलट जेवणाबरोबर घेतलेल्या चहा-कॉफीमुळे ते कमी शोषले जाते, त्यामुळे ज्यांना लोहाची कमतरता आहे त्यांनी या न्याहारीनंतर तासभर तरी चहा घेऊ नये. कच्चा कांदा मात्र बैठकीच्या दिवशी टाळलेला बरा.

खण आणि लेबल

ज्या दिवशी डबा विसरतो त्या दिवसासाठी टेबलाच्या खणात एक मोठा मग, चमचा, ओट्सची छोटी बरणी, साय काढलेल्या दुधाची पावडर आणि ३०-३० ग्रॅमच्या पुड्या बांधलेला सुकामेवा असावा. मगात ४० ग्रॅम ओट्स आणि २५ ग्रॅम दूध पावडर घालून वर गरम पाणी ओतले आणि पाच मिनिटे झाकून ठेवले की सुमारे १४ ग्रॅम प्रथिनांची न्याहारी तयार होते. या घाईच्या प्रसंगी बारीक ओट्स चालतात. सुकामेव्याच्या पुड्या बांधायच्या त्या केवळ मापासाठी, कारण उघड्या बरणीतून काम करता करता मूठमूठ कधी पोटात जाते ते कळत नाही. शेजारी कोणाला शेंगदाण्याची किंवा सुकामेव्याची ॲलर्जी आहे का, हे मात्र एकदा विचारून घ्यावे.

विकतचे फळांच्या स्वादाचे दही, ग्रॅनोला आणि न्याहारीच्या वड्या यांचे लेबल वाचल्याशिवाय त्या पौष्टिक मानू नयेत. लेबलावरील ४ ग्रॅम साखर म्हणजे एक चहाचा चमचा, हे मनात धरून वाचले की चित्र लगेच स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त साखर, म्हणजे मुख्यतः पदार्थात वरून घातलेली साखर, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सांगितले. मध आणि फळांचा रससुद्धा यात मोजला जातो. अख्खे फळ मोजले जात नाही. म्हणून रसाच्या बाटलीपेक्षा फळच न्यावे.

पहिल्या आठवड्यात पाच दिवसांचे पाच प्रकार करण्याच्या फंदात पडू नये. दोनच प्रकार निवडून ते आलटून पालटून करावेत. हात बसला की तिसरा घ्यावा. खाताना हात धुऊन, पडद्यापासून खुर्ची जरा मागे घेऊन दहा-पंधरा मिनिटे द्यावीत, कारण पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो. आणि खाऊन झाल्याबरोबर बरणीत थंड पाणी घालून ठेवावे. ओट्स एकदा वाळले की डिंकासारखे चिकटतात, आणि संध्याकाळी न घासता घरी आलेली बरणी रात्री पुन्हा भरण्याचा उत्साह कोणालाच राहत नाही.