औषध मारूनही कीड जात नाही? या चुका टाळा

सांगोल्याचं डाळिंब असो की माळशिरसचा ऊस, कृषी सेवा केंद्रात तक्रार एकच ऐकू येते: "औषध मारलं, पण फरक नाही." बाटलीवर संशय घ्यायच्या आधी भिंग घ्या आणि पानाची खालची बाजू बघा.

पाय मोजा. कीटकाचं शरीर म्हणजे डोकं, छाती, पोट. सहा पाय आणि पंख असलेच तर तेही छातीलाच. वांगी-भेंडीवर जाळी करणाऱ्या लाल कोळीला आठ पाय असतात, म्हणजे ती विंचवाच्या गोतातली. बरीचशी कीटकनाशकं तिच्यावर चालत नाहीत, कोळीनाशकच लागतं. (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोळीला मात्र सहाच पाय असतात, तेव्हा मोठ्या कोळीचे मोजा.) अळीच्या बाबतीतही फसगत होते. तिचे पुढचे तीन जोड खरे पाय, मागचे मांसल पाय नुसते पकडीपुरते. पतंग झाल्यावर ते उरत नाहीत.

पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो अवस्था न बघता फवारल्याने. पतंग, भुंगेरे, माश्या यांचा प्रवास अंडी, अळी, कोष, प्रौढ असा. अंडी आणि कोष काही खातच नाहीत, त्यामुळे पोटात जाऊन मारणारं औषध त्यांना लागू पडत नाही. आठवड्याने पुन्हा अळ्या दिसल्या की औषध नकली होतं असं वाटतं, पण त्या बहुधा नव्याने निघालेल्या असतात. मावा, तुडतुडे यांना कोष नसतो. पिल्लं कात टाकत मोठी होतात. माव्याची मादी तर आपल्याकडच्या उबेत नराशिवाय थेट पिल्लंच घालते, म्हणून तो बघता बघता पान भरून टाकतो. पानावरची पांढरी टरफलं म्हणजे त्याची कात. तिला मेलेला मावा समजून खूश होऊ नका.

उसातली हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, हे याचं खरं उदाहरण. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, शेतकरी पाण्याची पाळी वाढवतो आणि मुळं खाल्लेलं बेट हिसक्यासरशी हातात येतं. तोवर अळी मोठी झालेली असते, जमिनीत खोल असते आणि आवरत नाही. तिचं वर्षातून एकच पिढीचं चक्र. उघड्यावर येते ती वळवाच्या पावसानंतर, भुंगेरा होऊन. तिन्हीसांजेला हे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, रात्री तिथेच पाला खातात, मिलन होतं आणि माद्या मातीत अंडी घालतात. फांद्या हलवून खाली पाडा, रॉकेलच्या पाण्यात टाका. एकट्याने केलं तर शेजारच्या बांधावरून उडून येणारच, त्यामुळे हे काम गावाने मिळून करायचं.

मक्याची लष्करी अळी भारतात पहिल्यांदा 2018 साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातही आली. डोक्यावर उलटा वाय, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, ही खूण. ती पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, विष्ठेआड दडते. फवारा पोंग्यात गेला नाही तर व्यर्थ.

कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या) पतंग भरले म्हणून निर्धास्त होऊ नका. सापळ्यात येतात ते नर, अंडी घालणाऱ्या माद्या बाहेरच असतात. तो आकडा फवारणी कधी करायची हे ठरवायला वापरा.

आणि माव्याच्या वस्तीत काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी फिरताना दिसली तर पंप खाली ठेवा. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावाच खात असते.