खाडीतली कालवं आणि आपल्या गोळ्या : या विषयात येणाऱ्यांसाठी

औषध-प्रदूषणावर, म्हणजे आपण घेतलेली औषधं सांडपाण्यातून खाडीतल्या प्राण्यांपर्यंत पोचतात त्यावर, काम करायचंय म्हणून विचारायला येणारी बहुतेक मुलं आधी मशीनबद्दल विचारतात. एलसी-एमएस, म्हणजे नमुन्यातली औषधं ओळखून मोजणारं मशीन, शिकून होतं हो. ठाणे खाडीत काम करायचं तर आधी तिथी शिका. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हाच चिखलातले खुबे (शिंपल्यांचाच प्रकार) आणि खांबांना चिकटलेली कालवं नीट हाती लागतात. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या मावशींना हे सगळं तोंडपाठ असतं. त्यांच्याशी ओळख ठेवा.

खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. अर्ज विषय ठरला की लगेच टाका.

आता नमुन्याचं. आपण मोजतो ते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. चिखल तुडवून कंबर धरली म्हणून कोणी दुखण्याचं जेल चोळलं, तर त्यात बहुधा डायक्लोफेनॅक असतं आणि नेमकं तेच आपल्या यादीत असतं! कॅफिन मोजणार असाल तर चहाचा कपही लांब. हातमोजे घाला, आणि रिकाम्या बाटलीत शुद्ध पाणी भरून तीही नमुन्यांसोबत फिरवा; तिच्यात औषध सापडलं तर ते खाडीतलं नाही, आपल्याकडून गेलेलं. ही 'ब्लँक' नसेल तर तुमच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पण औषध सापडणं वेगळं आणि त्याचा प्राण्यावर परिणाम होणं वेगळं. या विषयात मला रस आहे तो इथे. शिंपला दिवसभर पाणी गाळतो, त्यामुळे सांडपाण्यातलं बरंच काही त्याच्या अंगातून जातं. फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिनसारखं औषध तर शुद्धीकरण केंद्रातूनही फारसं न बदलता बाहेर पडतं. नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन घ्या : शिंपल्यांना अंडी-शुक्राणू सोडायची खूण सेरोटोनिन हे शरीरातलं निरोप पोचवणारं रसायन देतं, आणि हे औषध त्याच यंत्रणेत हात घालतं. झेब्रा शिंपले त्याने वेळेआधीच अंडी-शुक्राणू सोडतात, हे १९९८ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं.

परिणाम बघायला सुरुवातीला न्यूट्रल रेड या लाल रंगाची चाचणी शिका. स्वस्त आहे, सूक्ष्मदर्शकावर होते. शिंपल्याच्या स्नायूतून सुईने रक्तद्रव काढायचा, पेशी काचपट्टीवर बसवायच्या, लाल रंग द्यायचा आणि घड्याळ लावून बसायचं. निरोगी पेशींच्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांत) रंग बराच वेळ टिकतो, ताणाखालच्या पेशींतून लवकर झिरपतो. डोळे दुखतात, पण हात बसतो.

आणि तरीही निकाल आला की उड्या मारू नका. पावसाळ्यात खाडीचा खारटपणा उतरतो, तेवढ्यानेही रंग लवकर गळतो. प्रजननाच्या काळात प्राणी आधीच अशक्त असतो. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहराचं पाणी याच खाडीत येतं, त्यात जड धातू असतात, डिटर्जंट असतं. औषध तिथे एकटं कधीच नसतं. म्हणून खाडीतल्या नमुन्यांना टाकीतल्या प्रयोगाची जोड हवी : पाणी तेच, प्राणी त्याच आकाराचे, फरक फक्त औषधाचा. परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतात.

गाइड ठरवताना त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा मशीनचा वेळ कोणाकडून मिळणार आणि दर नमुन्याचे पैसे कोण भरणार, हे आधी स्पष्ट विचारा. लाजू नका. नोकरीसाठी पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि चाचणी प्रयोगशाळा आहेत, आणि तिथे शिंपल्यांपेक्षा तुमच्या ब्लँकच्या नोंदवहीला जास्त किंमत मिळते.