आधी दुपारचं बघा: शेतावर पोरांचं पाच रात्रींचं शिबिर

आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून बावीस वर्षं काढली. दुसऱ्यांची लेकरं रात्री झोपवण्यातच माझी उमर गेली. आता गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडच्या आमच्या शेतावर दर उन्हाळ्यात पंधरा-सोळा पोरं ठेवून घेते. नऊ ते तेरा वर्षांची, बहुतेक नागपूर-गोंदियाची. फोन नाही, टीव्ही नाही. तुमच्याकडे विहीर, दाट सावली आणि एक पक्की खोली असेल तर तुम्हालाही जमेल.

तारीख पंचांग बघून धरा. परीक्षा संपल्या की लगेच. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या बरंच आधी उरका. मी शुक्ल तृतीयेला सुरू करते. पहिल्या रात्री चंद्र नऊच्या सुमारास मावळतो, मग रोज पाऊण-एक तास उशिरा. पोरं वेळ वहीत लिहून ठेवतात आणि चौथ्या दिवशी कोणीतरी ओरडतंच, "आजी, हा रोज लेट होऊन राहिला!"

आता दुपार. आपल्याकडचं शिबिर इथेच बसतं किंवा फसतं. पहिल्या वर्षी मी कागदकाम, नाटुकली, स्पर्धा असं तासातासाचं वेळापत्रक लावलं होतं. दोन वाजता तीन पोट्टे रडत होते, एकाने उलटी केली. आता दिवसच उलटा केला आहे. साडेचारला उठवायचं, नऊच्या आत सगळे जांभळाच्या डहाळ्या टाकलेल्या मांडवाखाली, आणि पाचपर्यंत उन्हात पाय नाही. साडेदहाला जेवण, मग झोप. उठल्यावर पन्हं. कोणी मलूल दिसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. घोट घोट पाजा. अंग तापलं आणि पोर बरळायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका; ओली चादर गुंडाळा आणि १०८ला फोन लावा.

उरलेला वेळ चिंचोके, पळसाची पानं, कडुलिंबाच्या काड्या. पत्रावळ लावायला शिकवा, संध्याकाळी त्यावरच वांग्याची भाजी, वरण नि रोडगे वाढा. स्वतःच्या पत्रावळीतून वरण गळालं की पोर दुसऱ्या दिवशी टाके घट्ट घालतं. पण एक तास मात्र काहीच देऊ नका. मागे एक मुलगा तट्ट्यावर पालथा पडून अंगठा वर-खाली सरकवत होता, समोर फोन असल्यासारखा. मी बोलले नाही. तासाभराने तोच अंगठा त्याने मुंग्यांच्या रांगेत आडवा ठेवला होता आणि त्या कुठल्या बाजूने वळसा घेतात ते बघत होता.

सकाळचं फिरणं मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलाव) पाळीवर, उजाडल्यावर. टिबुकल्या, बगळे हमखास दिसतात. सारस दिसला तर नशीब. महाराष्ट्रात तो उरलाय मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात. पाण्यात कोणालाच उतरवू नका, पोहता येतं म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही. आणि जंगलात पहाटे नेऊ नका. तेंदूपानाच्या दिवसांत वाकून पानं तोडणाऱ्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. पोरं तर उंचीने आधीच लहान.

झोपायला बाजा हव्यात, भुईवर कोणी नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो आणि चावलेलं कित्येकदा कळतही नाही. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, सकाळी बूट झटकून घाला. सर्पदंशाचं औषध कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे, ते शिबिराच्या आधी स्वतः जाऊन विचारा. तिथे गाडीने किती वेळ लागतो तेही मोजा.

फोन पहिल्याच दिवशी ट्रंकेत, कुलूप लावून. चालू असतो तो फक्त माझा, अडीअडचणीला आणि विजांची सूचना देणाऱ्या दामिनी ॲपसाठी. अवकाळीचं आभाळ दिसलं की मांडव सोडून सगळे पक्क्या खोलीत.

पोरांपेक्षा आईबाप जड जातात, बाप्पा. रोज फोन करू नका, हे आधीच बजावा. त्याऐवजी पोराच्या हातात पन्नास पैशांचं पोस्टकार्ड द्या.

रडण्याची रात्र दुसरी. पहिल्या रात्री दमून झोपतात. रडणाऱ्याला समजावू नका, काम द्या: माठावर झाकण आहे का बघ, किती बाजा भरल्या मोज. मग सप्तर्षी दाखवा, चार तारे म्हातारीची बाज, मागचे तीन चोर. कोणाचं अंथरूण ओलं झालं तर चारलाच, बाकीचे उठायच्या आत, गोधडी बदला आणि त्याच्याशी त्यावर एक शब्द बोलू नका. एक जास्तीची गोधडी त्यासाठी माझ्या बाजेखाली नेहमी असते.