पिशवी भरली, पण सिस्टरला विचारलं का?

लहान बहिणीला नववा लागलाय. परवा आईने फोनवर पिशवीची यादी वाचून दाखवली: झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, पुढून उघडणारे गाऊन, पॅड. छान. माझ्या वेळीही हे सगळं होतं. डिंकाचे लाडूसुद्धा आधीच करून डब्यात बसले होते. त्यामुळे कपड्यांवर मी एक शब्दही खर्च करणार नाही. राहिलं काही तर नागपुरात इतवारीच्या बाजारातून कोणीही घेऊन येईल.

इतवारीत मिळत नाही ती गोष्ट वेगळी. बाळ झाल्यावर पहिल्या तासात त्याला छातीशी कोण लावून देणार? हे आधी विचारायचं असतं, आणि मी विचारलं नव्हतं.

माझं सिझर रात्री अकराला झालं. मला रिकव्हरीत नेलं, बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर गेलं. बाहेर फोटो झाले, आत्याबाईंनी बोटाला मध लावून चाटवला (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्याने जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच सांगून टाका), आणि ‘आईला अजून दूध उतरलं नाही’ म्हणून सिस्टरने डब्याचं दूध बाटलीने पाजलं. पहाटे पाचला बाळ माझ्याकडे आलं ते पोट भरून झोपलेलं. पुढचे दोन दिवस छातीला तोंड लावलं की रडायचं. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. सिस्टर वाईट नव्हती. अख्ख्या मजल्याला ती एकटी होती, आणि मी तिला काही सांगूनच ठेवलं नव्हतं.

म्हणून पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारा, सिझर झालं तर बाळ छातीशी कधी देता? पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर आई जागी असते, आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर तिथेच बाळ तिच्या उघड्या अंगावर ठेवता येतं. ‘बघू तेव्हा’ हे उत्तर नाही, पुन्हा विचारा. फाइलवर लिहून घ्या: पहिल्या तासात अंगावर पाजणं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरचं दूध नाही. दाखल झालात की सिस्टरला तेच सांगा. पाळी बदलली की नव्या सिस्टरला पुन्हा. फाइल कोणी वाचत बसत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला वेगळं सांगा, तोंडाने, तिच्यासमोर उभं राहून.

बाळाचं वजन कमी असेल, साखर उतरली असेल, तर वरचं दूध लागूही शकतं. तिथे हुज्जत नको. फक्त आधी चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, वाटीत काढून चमच्याने देता येईल का, एवढं विचारा. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, आणि चीकही तेवढाच येतो. ‘दूध नाही’ म्हणणाऱ्यांना हे ऐकवा. डब्याच्या दुधाचा फुकट नमुना कोणी हातात ठेवला तर परत करा, १९९२च्या कायद्याने ते चालत नाही.

सोबत एकच बाई, आणि ती न लाजणारी हवी. भेटायला येतील ते तर्री पोहे खाऊन जातील, रात्री दोनला सिस्टरला हाक कोण मारणार? सरकारी डागा रुग्णालय असो की धंतोलीतला खासगी दवाखाना, आत कोणाला सोडतात ते आधी विचारा. त्याच दमात रात्रपाळीचंही विचारा. हो, परत सांगतेय.

पाजायचं कसं, ते मला तिसऱ्या दिवशी वॉर्ड झाडायला आलेल्या मावशींनी दाखवलं. झाडू भिंतीला टेकवला, हात धुतले, उशी माझ्या काखेखाली सरकवली आणि बाळ त्या उशीवर आडवं धरलं, पाय माझ्या पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार नाही. बाळाचं नाक बोंडासमोर. ‘थांबा, घाई नको, आ करू द्या.’ त्याने मोठा आ केला तशी त्यांनी त्याची पाठ पुढे ढकलली. नुसतं बोंड नव्हे, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेला, हनुवटी छातीला टेकली. दुखलं तर ओढायचं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. हे तिसऱ्या दिवशी नाही, पहिल्या तासात कोणीतरी दाखवायला हवं होतं.

मे महिना आहे, तेव्हा ‘एवढ्या उन्हात बाळाला घोटभर पाणी तरी पाजा’ हे ऐकावं लागेलच. नाही पाजायचं. सहा महिने फक्त आईचं दूध, नागपूरच्या उन्हातही. पाणी आईने प्यायचं. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात ते पंचवीस अंशांच्या खोलीत, आपल्याकडे नाही. थेट फ्रिजमध्ये ठेवा.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून निदान सहा लंगोट ओले. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका, पण दहा टक्क्यांवर गेलं तर डॉक्टर.

सुट्टीच्या आधी बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटीस बी झालं का ते कार्डावर बघा. जन्मनोंद २१ दिवसांत. घरी कूलर लावून ठेवा, हवा थेट बाळावर नको. लाडू सावकाश.

आणि आई, तू हे वाचत असशील तर आज संध्याकाळीच दवाखान्यात फोन कर आणि विचार, रात्री कोण असतं.