एमएस आणि परभणीचा मे महिना

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे. डोळ्यांपुढं धुकं आलं, पाय लाकडासारखे झाले की पहिल्या उन्हाळ्यात मी रडायचेच: आजार वाढला! बहुतेक वेळा तो नुसता उन्हाचा प्रताप असतो. मज्जातंतूंवरचं आवरण झिजलेलं असलं, की अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी संदेश अडखळतात. अंग थंड झालं की उतरतं. २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, तर मात्र डॉक्टरांना फोन करा. ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, तेही सांगा.

माझ्या भाकरी सकाळी सातच्या आत होतात, त्याही स्टुलावर बसून. (सासूबाईंना पटायला वर्ष गेलं.) मानेवर ओला पंचा, जवळ माठ. सारखं लघवीला जावं लागतं म्हणून पाणी तोडू नका.

इंटरफेरॉनचं (एमएसवरच्या औषधाचं) इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. मी एक असंच गोठवून वाया घालवलंय. लाइट गेली की थर्माकोलच्या डब्यात, बर्फ आणि इंजेक्शनच्या मध्ये जाड टॉवेल. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढलं की कमी झोंबतं.

आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज करा. तपासणीला सकाळीच जा, दुपारच्या उन्हात रांग धरू नका.