विज्ञानाचा प्रयोग आणि त्याची फाइल: या चुका टाळा

इंदूरमध्ये दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत घराघरांत चार्ट पेपर आणि थर्माकोल आधी येतं, आणि ‘पण करायचं काय?’ हे सगळ्यात शेवटी ठरतं. बहुतेक प्रयोग सामानाला हात लावायच्या आधीच, कागदावर बिघडलेले असतात.

प्रश्नच नसणं

बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दरवर्षी कुणीतरी आणतंच. फेस येतो, टाळ्या पडतात, पण तो प्रयोग नव्हे, प्रात्यक्षिक आहे. काय होणार हे आधीच ठाऊक असतं आणि मोजायला काहीच नसतं. ‘पाण्याचा झाडांवर परिणाम’ हाही प्रश्न नाही, मथळा आहे. प्रश्न असा हवा: पाण्यातलं मीठ वाढवलं, तर तीन दिवसांत किती मुगांना मोड येतात? यात काय बदलायचं, काय मोजायचं आणि कधी थांबायचं, तिन्ही ठरलेलं आहे. आता निरीक्षणाचा तक्ता रिकामाच आखून बघा. आखता येत नसेल तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही.

एकाच वेळी दोन गोष्टी बदलणं

हाच मुगाचा प्रयोग घ्या, कारण बहुतेक चुका यातच दिसतात. साध्या पाण्याची ताटली खिडकीत आणि मिठाची फ्रिजच्या मागे ठेवली, तर फरक मिठाने पडला की उबेने, हे कोण सांगणार? सगळ्या ताटल्या एकाच ट्रेमध्ये ठेवा, मूग एकाच पुड्यातले घ्या, कापूस आणि पाणी सारखंच द्या. मीठ न घातलेली ताटली हवीच. तिच्याशिवाय तुलना कशाशी करणार?

प्रत्येक ताटलीत पाचच मूग ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. एखादा कोरडू निघाला की तो पाणीच पीत नाही, आणि तुमच्या तक्त्यात एकदम 20 टक्क्यांची घट दिसते. निदान वीस-पंचवीस ठेवा. ‘मोड आला’ कशाला म्हणायचं तेही आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ कोंब 2 मिलिमीटर बाहेर आला की. नाहीतर सकाळी आई मोजते आणि संध्याकाळी मुलगी मोजते, दोघींचे आकडे वेगळे.

मीठ चमच्याने मोजू नका. घरचा वजनकाटा बहुधा 1 ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे 2.5 ग्रॅम त्यावर नीट तोलता येत नाही. त्यापेक्षा 10 ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एक लीटर द्रावण करा. त्यात तेवढंच साधं पाणी मिसळलं की लीटरला 5 ग्रॅम, आणि या नव्या द्रावणात पुन्हा त्याच्याइतकंच साधं पाणी मिसळलं की 2.5.

साध्या पाण्यातही मोड आले नाहीत? मग मूग जुने आहेत, किंवा कापूस ओला असण्याऐवजी मूग पाण्यात बुडाले आहेत आणि त्यांना हवा मिळत नाही, किंवा थंडी आहे. जानेवारीत इंदूरची रात्र 10 अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा मूग सुस्तावतात. उन्हाळ्यात वेगळीच भानगड: ताटलीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि द्रावण आपोआप खारट होत जातं. झाकण ठेवा, आणि पाणी वाढवायचंच असेल तर साधं घाला, मिठाचं नाही.

लंबकाची मोजणी

एकच आंदोलन (जाऊन परत येण्याचा एक पूर्ण हेलकावा) मोजू नका. घड्याळाचं बटण दाबताना 0.2 सेकंद सहज इकडेतिकडे होतात. एक मीटर लांबीच्या लंबकाचं आंदोलन साधारण 2 सेकंदांचं, म्हणजे ही चूक 10 टक्के झाली. वीस आंदोलनांचा वेळ घेतला तर तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. आणि या वेळेवरून काढलेलं गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी 10.8 च्या आसपास आलं, तर सूत्राला दोष देण्याआधी मोजणी आठवा. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलं असणार. मग ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच आंदोलनं होतात. सुरुवात ‘शून्य’ म्हणून करा.

पुस्तकातला आकडा वहीत उतरवणं

ही चूक मात्र मला खटकते, आणि ती हुशार मुलंच करतात. उकळत्या पाण्यात थर्मामीटर 98 अंश दाखवतं, मुलगा 100 लिहितो, कारण पुस्तकात 100 आहे. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आपल्याकडे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर होतं, खोडला गेला तो खरा आकडा. न जुळणारं रीडिंग खोडू नका. त्यावर एक रेघ मारा, आकडा वाचता येईल असा ठेवा आणि शेजारी कारण लिहा. कारण सापडलं नाही तर तसंच लिहा.

नळाचं आणि बोअरिंगचं पाणी साबणाच्या फेसावरून तपासणारेही असेच फसतात. डिटर्जंट वापरला तर दोन्हींत फेस येतो, आणि पाण्याचा जडपणा कळतच नाही. साधा साबणच घ्या, त्याचं द्रावण करून थेंब मोजा, आणि तुलनेला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर ठेवा.

लिहिताना

‘लिटमस लाल झाला’ हे निरीक्षण, ‘द्रावण आम्लधर्मी आहे’ हे अनुमान. दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका. 2.4, 2.5, 2.5 सेंटिमीटरची सरासरी 2.4666667 लिहिणं म्हणजे कॅल्क्युलेटरची नक्कल. साध्या पट्टीला एवढं दिसतच नाही. 2.5 पुरे. आलेखाच्या अक्षांवर एकक हवं, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

‘मानवी चुकीमुळे फरक आला’ हे वाक्य फाइलमधून काढून टाका. कोणती चूक, आणि तिने आकडा वाढला असेल की घटला असेल, ते लिहा. निष्कर्षही आपल्या ताटलीपुरताच ठेवा. ‘मीठ वनस्पतींना घातक असल्याचे सिद्ध झाले’ असं नाही. या मुगांत, तीन दिवसांत, एवढ्या मिठाला एवढे मोड कमी आले, इतकंच.

आपली मुलं शिकतात हिंदी किंवा इंग्रजीत आणि घरी बोलतात मराठीत. कच्ची वही ज्या भाषेत सुचेल तिच्यात, त्याच वेळी, तारीख-वेळेसकट लिहू द्या. रात्री आठवून लिहिलेली रीडिंग नको तितकी सुबक असतात, आणि परीक्षकाच्या नजरेला ते लगेच कळतं. तोंडी परीक्षेला पक्क्या फाइलबरोबर ही डाग पडलेली कच्ची वहीही न्या. तिसऱ्या दिवशीचा आकडा वेगळा का, असं विचारलं तर उत्तर तिच्यातच असतं.