संगीतकार शोपाँच्या काही पियानो-तुकड्यांचा शेवट अर्धवट का वाटतो? पेटीवर ऐकून बघा

पियानो नसला तरी चालतंय, मी हे सगळं सांगलीत घरच्या पेटीवरच समजून घेतलं. आधी नेहमीचा शेवट कानात बसवा, पांढरी चारचा (चौथ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरा, प-नि-रे एकत्र दाबा आणि मग सा-ग-प. घरी पोचल्यासारखं वाटतं ना, तोच केडन्स, म्हणजे पाश्चात्य संगीतातला शेवट करायचा ठरलेला क्रम.

आता शोपाँचा ओपस 28 (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधला 23 वा प्रेल्यूड, म्हणजे छोटा पियानो-तुकडा, लावा, 1839 साली छापलेला, एफ मेजर म्हणजे आपली पांढरी चारच. सगळं झुळझुळ चाललेलं असतं आणि संपता संपता मधेच एक ई फ्लॅट येतो, म्हणजे कोमल नी, आणि या कोमल नीला खरंतर खाली धवर उतरायचं असतं पण तुकडा तिथंच संपतो. सा-ग-प-कोमल नी एकदम दाबून हात उचला, अंगावर काटा येतो बघा, मला तर अजून येतो.

असे अर्धवट संपणाऱ्या बाकीच्या तुकड्यांना पण हीच कानाने तपासायची रीत लावा. संपलं की लगेच सा गुणगुणा आणि शेवटच्या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांत) तो कुठंय ते शोधा. शोपाँचाच ओपस 17 मधला चौथा मझुर्का (पोलिश नाचाच्या चालीचा तुकडा) ए मायनरचा, म्हणजे इथं सा ए वर, त्यात सा खाली आहे पण पच्या जागी कोमल ध, म्हणून धुक्यात विरल्यासारखं वाटतं. जर्मन संगीतकार शूमानच्या किंडरत्सेनेन (लहानपणीची दृश्यं) या संचातलं झोपणारं लेकरू तर साच्या कॉर्डवर येतच नाही, मच्या कॉर्डवरच डोळे मिटतं.

सा सापडत नसेल तर तानपुरा लावून ठेवा, मिरज शेजारी असताना तेवढं तर जमतंयच.